अंगणात उतरलेली शाळा

शाळेत मागे पडणाऱ्या मुलाविषयी आपल्याकडे काही ठरीव वाक्ये बोलली जातात. ‘त्याचे डोके चालत नाही’, ‘त्याला अभ्यासाची आवडच नाही’, ‘घरी विचारणारे कोणी नाही’. या वाक्यांतला दोष एक तर मुलाच्या माथी जातो, नाही तर त्याच्या आईबापांच्या. मुलाला शिकविणाऱ्याची तयारी कितपत झाली होती आणि त्याच्या शाळेसाठी गावाने काय केले, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी दोन मराठी शिक्षिकांनी हेच प्रश्न हाती घेतले आणि उरलेले आयुष्य त्यांच्या उत्तरासाठी वेचले. त्या शिक्षिका म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

त्यांची कर्मभूमी आपल्या शेजारचीच आहे. बोर्डी आणि कोसबाड ही गावे डहाणू तालुक्यातली. आमच्या पुष्कळ वाचकांची वसई आणि ही डहाणू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होत्या. त्या वर्षी १ ऑगस्ट रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही दोन्ही तालुके एकत्रच राहिले. तरीही कोसबाडच्या टेकडीवर काय घडले, हे आपल्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हा इतिहास येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

रोममधील एक गरीब वस्ती

या कथेचा उगम शोधीत गेल्यास आपण रोम शहरात पोहोचतो. मारिया मॉन्टेसरी (१८७०–१९५२) या कॅथलिक विदुषी मुळात डॉक्टर. १९०० साली रोममध्ये मतिमंद ठरविलेल्या मुलांच्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तिच्या संचालनात त्यांचा वाटा होता. शिक्षकांना मुलांचे बारकाईने निरीक्षण करावयास शिकवावे आणि मुलांच्या हातांना काम द्यावे, असा तेथील क्रम होता. ‘काही शिकणार नाहीत’ म्हणून बाजूला टाकलेली मुले वाचू-लिहू लागली, इतर मुलांच्या परीक्षांना बसून उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. मॉन्टेसरी मात्र निराळ्याच विचारात पडल्या. ही मुले येथवर येतात, तर निरोगी मुलांना आपल्या शाळांनी इतके खाली का ठेवले आहे, असे त्यांना वाटू लागले.

या विचारातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ‘बालकांचे घर’ उघडले. ही शाळा मजुरांच्या चाळीतच होती. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे असे ठरले. मुलांना स्वच्छ करून पाठविणे ही मातांची जबाबदारी होती आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांनी शिक्षिकेशी मुलाविषयी बोलावे, अशी अपेक्षा होती. शाळा ही त्या चाळीतील आईबापांची सामाईक मालमत्ता आहे, अशी मॉन्टेसरींची भूमिका होती. त्यांची लाकडी साधने पुढे जगभर गेली आणि श्रीमंतांच्या शाळांतही मिरवू लागली. पण मुळात ही शाळा गरिबांच्या दाराशी होती आणि तिच्यात घराला व शेजाराला जागा होती, हे अनेकांच्या स्मरणातून निसटले.

भावनगर ते दादर

भारतात या पद्धतीचा प्रसार करणाऱ्यांत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचे नाव अग्रभागी येते. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांनी मॉन्टेसरींचा विचार घेतला आणि त्यात आपल्याकडील गाणी, गोष्टी, खेळ व नाट्य मिसळले. १९२०च्या दशकाच्या आरंभी एक मराठी पदवीधर स्त्री त्यांना येऊन मिळाली. ती म्हणजे ताराबाई.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. प्रार्थना समाजातील सदाशिवराव केळकर हे त्यांचे वडील. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांचा विवाह टिकला नाही. पदरी मुलगी होती. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शिक्षक कसा घडतो, हा त्यांच्या चिंतनाचा विषय तेव्हापासूनचा. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे बालमंदिराच्या जोडीला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे कामही त्यांनी उभे केले.

शिशुविहाराचा लौकिक वाढला. सुशिक्षित मध्यमवर्गाची मुले तेथे येत, पालक फी देत, साधने उत्तम असत. दुसऱ्या कोणी यातच समाधान मानले असते. पण ताराबाईंना एक प्रश्न बेचैन करी. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत राहतात, त्या देशात बालशिक्षण महागड्या साधनांच्या पेटीत बंद राहून कसे चालेल? गांधीजींच्या विचारांचा प्रभाव त्या काळी सर्वत्र होता. खेड्यात, तेथल्या माणसांच्या मदतीने आणि तेथेच मिळणाऱ्या वस्तूंनी बालशिक्षण उभे करता येते की नाही, हे स्वतः करून पाहावे, असा निश्चय त्यांनी केला. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते.

बोर्डीचा प्रयोग

१९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी बोरिवलीस कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे ताराबाईंची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य असा त्यांचा पूर्वार्ध. शिक्षणाने त्यांना उभे केले. अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी आधी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकविले. नोकरी करीत रात्रशाळेतून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली, बी. ए. झाल्या. शिकणे कष्टाचे असते म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजून घेण्याची गरज नव्हती. पुण्याची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या आणि तेथून पुढे हा परिसर त्यांनी सोडला नाही.

बोर्डीत पहिली ठेच लागली ती जातीची. त्या काळी हरिजनवाडा म्हटल्या जाणाऱ्या दलित वस्तीतील मुले गावातील मध्यवर्ती बालवाडीकडे फिरकेनात. ‘आम्ही शाळा उघडली आहे, आता येणे न येणे त्यांच्या हाती’ असे म्हणून हात झटकता आले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत, असा परिपाठ पडला. हीच अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी दप्तरात रूढ झाला आहे. त्याचा जन्म बोर्डीच्या अंगणात झाला.

अंगणाचे शैक्षणिक महत्त्व आपण नीट ध्यानी घ्यावे. अंगणातील मूल परक्या जागी नसते. आजी ओट्यावर बसून पाहत असते, आई धुणे वाळत घालता घालता गाणे ऐकते, शेजारीण आपले मूलही आणून बसविते. शिक्षिका काय करते हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते आणि त्यामुळे शिक्षणाविषयीचे भय ओसरते. साधनांचेही तसेच. समुद्रकाठचे शंखशिंपले, खडे, बिया, पाने-फुले, माती, बांबू यांतून मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे साधते. मुलाच्या हाती रोज असलेल्या वस्तूच शिक्षणाची साधने बनल्या. खर्च वाचला हा लाभ तर झालाच. पण आपल्या घरच्या वस्तूंना शाळेत मान आहे, ही जाणीव मुलाला झाली.

कोसबाडच्या टेकडीवर

१९५७ साली हे कार्य बोर्डीहून कोसबाड येथे नेण्यात आले. आता समोर होती ती मुख्यतः वारली आदिवासींची मुले. या समाजाची अवस्था काय होती, हे सिमिंग्टन यांच्या १९३९च्या सरकारी अहवालाने नोंदविले होते. सावकार व जमीनदारांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले वारली वेठबिगारी करीत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही गहाण पडत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली, ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले त्याच वर्षी, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास लिहिला आहे. ज्या माणसांनी नुकतीच मान वर केली होती, त्यांच्या मुलांना पाटी-पेन्सिलीच्या दिशेने आणावयाचे होते.

सरकारी शाळा होत्या, पण मुले येत नव्हती, आली तरी टिकत नव्हती. ‘आदिवासींना शिक्षणाची किंमत कळत नाही’ असे सांगून अनेकजण मोकळे होत. ताराबाई-अनुताईंनी हे उत्तर मान्य केले नाही. मूल का येत नाही, याची एकेक कारणे त्यांनी वस्तीत जाऊन शोधली आणि प्रत्येक कारणाला वेगळा उपाय योजला.

सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? ही मुलगी शाळेत आली असती, तर भावंडासह हाकलली गेली असती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. तिला विकासवाडी हे नाव मिळाले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली आपल्या वर्गात, अशी सोय झाली.

दुसरे कारण गुरांचे. मुलगा दिवसभर रानात गुरे राखतो, तो दहाच्या घंटेला कसा येणार? तेव्हा शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरू लागली. पाने मोजणे, दिशा, पक्षी, पाऊसपाणी, अक्षरे असे सारे तेथेच. हिला कुरणशाळा म्हणत. दिवसा ज्यांना मुळीच सवड नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

तिसरे कारण भाषेचे. पुस्तकातील मराठी आणि झोपडीतील वारली बोली यांत मोठे अंतर. प्रश्न कळला नाही म्हणून गप्प राहिलेल्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणण्याची चूक शिक्षकाकडून सहज होते. वास्तविक ज्या घरातील स्त्रिया गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखितात, त्या घरचे मूल आकृती, प्रमाण आणि मांडणी यांविषयी अजाण कसे असेल? ते जाणते, शाळेच्या भाषेत सांगू शकत नाही, एवढेच.

शिक्षिका कशी घडते

आमच्या मते या सर्व प्रयोगांचा कणा म्हणजे शिक्षिकांचे प्रशिक्षण. अंगण कोठेही मिळेल, शिंपले कोणीही वेचील. पण गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून ते भुकेले आहे, घाबरले आहे, की त्याला शब्द कळला नाही, हे ओळखणारी नजर तयार करावी लागते. कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षणवर्ग चालत, त्यांचा गाभा ही नजर तयार करण्यात होता. मुलाला काही सांगण्याआधी त्याला पाहणे, मारणे-धमकावणे वर्ज्य मानणे, घरी जाऊन आईशी बोलणे, हाताशी असेल त्यातून साधन करणे, आंघोळ घालण्यात कमीपणा न मानणे, या गोष्टी व्याख्यानांनी येत नाहीत. प्रत्यक्ष बालवाडीत अनुभवी शिक्षिकेच्या शेजारी बसूनच त्या अंगी मुरतात. शिक्षण बेताचे असले तरी वस्तीत वावरणारी, तिथली बोली समजणारी बाई या रीतीने उत्तम शिक्षिका होऊ शकते, हा विश्वास कोसबाडने दिला. अनुताईंनी ‘बालवाडी कशी चालवावी’ यासारखी पुस्तके लिहिली, ती या साध्या शिक्षिकांसाठीच. आपल्या कार्याची कहाणी त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात सांगितली आहे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर अनुताईंनी धुरा वाहिली. १९८२ साली त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था डहाणू परिसरातच उभी केली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

नाव पसरले, गाभा किती?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. बोर्डीच्या अंगणातला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत पोहोचला, हा केवढा मोठा गौरव! या योजनेने बालकांच्या आहाराचे व लसीकरणाचे फार मोठे काम केले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण योजनेने अंगणवाडीवर सहा सेवा सोपविल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. बोर्डीत जे सर्वस्व होते, ते येथे सहांतील एक झाले. सेविका ‘मानसेवी’ ठरली. तिला वेतन नव्हे, मानधन मिळू लागले. खिचडी शिजवून, वजने घेऊन, नोंदवह्या भरून झाल्यावर मुलाचे निरीक्षण करायला तिच्यापाशी किती वेळ उरणार?

याची जाणीव राज्यकर्त्यांनाही झालेली दिसते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी वा अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम सुचविला आहे. त्याआधी २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. शिक्षकाची तयारी आणि समाजाचा सहभाग, कोसबाडची ही दोन्ही सूत्रे कायद्या-धोरणाच्या कागदावर आली आहेत. ती कागदावरून खाली उतरविणे हे मात्र माणसांचेच काम आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कुरणशाळा म्हणजे मुलाच्या हाती गुरांची काठी कायम ठेवण्याला दिलेली संमतीच नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. आज प्रत्येक मुलाला पूर्णवेळ शाळेचा हक्क आहे आणि कुरणात भरणारी शाळा हे आपले ध्येय असू शकत नाही. वारल्यांचे दारिद्र्य एकट्या शाळेने हटणारेही नव्हते; जमिनीचा आणि मजुरीचा लढा वेगळाच लढावा लागला. पण व्यवस्था बदलेपर्यंत आजच्या मुलाने थांबायचे काय? ते मूल वर्षभरात मोठे होते. त्याचे शिकण्याचे वय कोणत्याही सुधारणेची वाट पाहत नाही. म्हणून ताराबाई-अनुताईंनी आज, या अंगणात, या झाडाखाली जे शक्य होते ते केले. आम्हांला हा मार्ग योग्य वाटतो.

आपल्या दाराशी आलेले मूल

हा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण केवळ गौरवाचे नाही. भातकापणी आटोपली की याच जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. वसई तालुक्यातील भट्ट्याही त्यांत आल्या. गावच्या शाळेच्या पटावर नाव, पण मूल भट्टीवर, असे महिनोन्‌महिने चालते. १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच्या अशा मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची तात्पुरती झोपडी. शाळेने मुलाकडे जावे, हे बोर्डीचे तत्त्व तेथे पुन्हा प्रकट झाले.

आपल्या धर्मग्रामांतून निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत, शिकलेल्या गृहिणी आहेत, महाविद्यालयात जाणारे तरुण आहेत. संध्याकाळी रिकामी राहणारी अंगणे, सभागृहे आहेत. मागे पडणारी मुले आपल्याही घरांत आहेत; घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा असा ताण आपल्या मुलांनीही अनुभवला आहे. आपण शिकवणीवर्गाला पैसे भरतो आणि कर्तव्य संपले असे समजतो. ज्यांना पैसे भरता येत नाहीत त्यांची मुले पटावरून हळूच गळतात.

आठवड्यातून दोन संध्याकाळी दहा मुलांना जवळ घेऊन बसणे फार अवघड नाही. त्यासाठी कोसबाडकडून मुख्यतः एक शिस्त घ्यावी लागेल: उत्साहाने धावत जाण्याआधी स्वतः शिकावे. मुलाला वाचता का येत नाही हे कसे ओळखावे, त्याच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेकडे त्याला कसे आणावे, हे जाणत्या शिक्षकांकडून समजून घ्यावे आणि मगच मुलांपुढे बसावे. तयारीवाचून केलेली सेवा मुलाला आणखी एक अपयश देऊन जाते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला आपण जातो का, गेलो तर मागच्या बाकावरच्या मुलाविषयी विचारतो का, हेही प्रत्येक पालकाने स्वतःशी तपासावे.

पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई दादरचा सुस्थिर संसार मागे ठेवून बोर्डीच्या अंगणात जाऊन बसल्या. अनुताईंनी त्याच परिसरात सत्तेचाळीस वर्षे काढली. त्या अंगणात ज्या मुलांचे केस त्यांनी विंचरले, त्यांतील कोणालाही त्यांनी ‘मठ्ठ’ म्हटले नाही. हा शब्द आपल्या घरांतून आणि आपल्या शाळांतून हद्दपार झाला, तरी त्यांच्या ऋणातून आपण थोडेफार उतराई होऊ.